पुन्हा वापरायच्या कोडची लायब्ररी न्यूरल नेटवर्कने कशी लावावी

एखादं काम करणारं फंक्शन आपल्याच लायब्ररीत असतं आणि तरी कोणीतरी ते नव्याने लिहितं. हे आळसामुळे होत नाही. शोधणारा 'डुप्लिकेट काढणे' असं शोधतो आणि लिहिणाऱ्याने त्याला 'युनिक' नाव दिलेलं असतं. शब्द जुळला नाही की शोध रिकामा येतो आणि रिकामा शोध म्हणजे 'असं काही नाही' असा अर्थ घेतला जातो. यावर एक जुना आणि अजूनही उत्तम चालणारा उपाय आहे. सगळे घटक त्यांच्या कामानुसार एका सपाट नकाशावर मांडायचे. सारखी कामं करणारे घटक शेजारी येतात, आणि नेमका शब्द ठाऊक नसला तरी माणूस योग्य वस्तीत पोचतो.

सुटे भाग घेऊन सॉफ्टवेअर जोडावं ही कल्पना डग्लस मॅकइलरॉय यांनी १९६८ साली गार्मिशमध्ये सॉफ्टवेअर अभियांत्रिकीवर भरलेल्या नाटो परिषदेत मांडली. भाग तयार झाले, पण ते लावायचे कसे हा प्रश्न उरला. १९८७ साली रुबेन प्रिएतो-डियाझ आणि पीटर फ्रीमन यांनी पैलूंनुसार वर्गीकरण सुचवलं: घटक काय करतो, कशावर करतो, कोणत्या माध्यमातून करतो. पद्धत चांगली आहे, पण प्रत्येक घटकाला माणसाने हाताने शब्द लावावे लागतात, आणि दोन माणसं एकाच घटकाला वेगळे शब्द लावतात. फिनलंडच्या टॉयवो कोहोनेन यांनी १९८२ साली मांडलेला स्वयंसंघटित नकाशा, म्हणजे सॉम हे एक प्रकारचं न्यूरल नेटवर्क, हे काम स्वतः करतो. १९९०च्या दशकात डीटर मर्कल आणि सहकाऱ्यांनी तो सॉफ्टवेअर घटकांची माहितीपत्रं लावायला वापरला. पुढची कृती त्याच वाटेने जाते, फक्त साधनं आजची आहेत.

उदाहरणासाठी ४०० घटकांची लायब्ररी धरू.

आधी ठरवा: एक घटक म्हणजे काय

फंक्शन, क्लास, मॉड्यूल की पॅकेज? कसोटी सोपी आहे. वापरणारा जे एका वेळी उचलतो तो एक घटक. अंकगणिताची सुटी फंक्शन्स असतील तर फंक्शन. उघडणे, वाचणे, बंद करणे अशा एकमेकांशिवाय निरुपयोगी असलेल्या मेथड्स असतील तर पूर्ण क्लास. दोन पातळ्या एकाच नकाशात मिसळू नका. पॅकेजच्या वर्णनात शंभर विषय असतात, म्हणून ते नकाशाच्या मध्यावर जाऊन बसतं आणि कोणाचंच खरं शेजारी होत नाही. अंतर्गत मदतनीस फंक्शन्स आणि चाचण्यांचा कोडही बाहेर ठेवा.

वर्णनपत्र: खरं काम इथे आहे

नेटवर्कला कोड समजत नाही, त्याच्याबद्दलचे शब्द दिसतात. नकाशा बिघडला तर बहुतेक वेळा दोष इथे सापडतो, म्हणून एकूण वेळेचा मोठा भाग याच टप्प्याला द्यावा.

प्रत्येक घटकासाठी एक मजकूर फाइल बनवा. तिच्यात घटकाचं नाव, एका ओळीचा उद्देश, सविस्तर वर्णन, पॅरामीटरची नावं आणि त्यांची वर्णनं, तो काय परत देतो आणि कोणत्या चुका फेकतो, एवढं घ्या. वर्णन तोकडं असेल तर कोडमधली व्हेरिएबलची नावं आणि तो बोलावत असलेल्या फंक्शन्सची नावंही घ्या.

जोडून लिहिलेली नावं तोडावी लागतात: 'पार्सकॉन्फिगफाइल'चे 'पार्स', 'कॉन्फिग', 'फाइल' असे तीन शब्द. अंडरस्कोअरवर तोडणं सोपं आहे, पण मोठ्या (कॅपिटल) अक्षरावर तोडताना सावध राहा. प्रत्येक मोठं अक्षर दिसलं की तोडायचं असा भोळा नियम लावला तर एचटीटीपीचे चार सुटे तुकडे होतात आणि हे एकाक्षरी तुकडे सगळीकडे पसरतात. लागोपाठच्या मोठ्या अक्षरांचा गट एकत्र ठेवणारा नियम लिहा आणि तोडल्यानंतरही एकाक्षरी शब्द टाकून द्या. मग संक्षेप उलगडा. सीएफजी म्हणजे कॉन्फिग, बफ म्हणजे बफर, आयडीएक्स म्हणजे इंडेक्स. अशी पन्नास-साठ नोंदींची यादी एकदा हाताने केली की वर्षानुवर्षं पुरते. ती केलीच पाहिजे, नाहीतर एकच काम दोन वस्त्यांत विभागलं जातं.

काढून टाकायच्या गोष्टींत पहिला मान परवान्याच्या मजकुराचा. फाइलच्या डोक्यावरच्या वीस ओळी राहून गेल्या तर नकाशा कामानुसार न लागता परवान्यानुसार लागतो, आणि तो इतका नीटनेटका दिसतो की चूक लवकर ध्यानात येत नाही. लेखकांची नावं, तारखा, बदलांचा इतिहास हेही काढा. नेहमीच्या निरर्थक शब्दांबरोबर या क्षेत्रातले निरर्थक शब्दही काढायचे: गेट, सेट, रिटर्न, व्हॅल्यू, ऑब्जेक्ट, मेथड, पॅराम. 'सेट'बद्दल मात्र विचार करा. गणिती संचाचे घटक लायब्ररीत असतील तर तो शब्द अर्थाचा आहे. अशा वेळी नावाच्या सुरुवातीचा 'सेट' काढा आणि वर्णनातला ठेवा.

सफाईनंतर पंधरापेक्षा कमी शब्द उरलेले घटक वेगळ्या ढिगात ठेवा. त्यांना नकाशात ढकललं तर एखाद्या योगायोगाने आलेल्या शब्दावरून ते कुठेही जातात. त्यांचं वर्णन लिहून मग आणा. हा ढीग म्हणजे लायब्ररीतल्या दस्तावेजांच्या उणिवांची आयती यादीच असते.

भाषा, आवृत्ती, परवाना, इतर कोणत्या पॅकेजवर अवलंबून आहे, चाचण्या आहेत की नाहीत, ही माहिती जपा पण वर्णनपत्रात घालू नका. ती गाळणीसाठी वापरायची. वस्ती कामावरून ठरते, आणि वस्तीत पोचल्यावर 'फक्त या परवान्याचे दाखव' अशी गाळणी लावता येते. दोन्ही एकाच वेक्टरमध्ये, म्हणजे घटकाच्या आकड्यांच्या यादीत, कोंबलं की दोन्ही बिघडतं.

शब्दांचे आकडे

इथे दोन रस्ते आहेत. पहिला टीएफ-आयडीएफ: घटकाच्या वर्णनात वारंवार येणाऱ्या पण बाकीच्यांत क्वचित येणाऱ्या शब्दाला जास्त वजन. तीनपेक्षा कमी घटकांत येणारे शब्द वगळा, कारण ते फारसं कोणाला कोणाशी जोडत नाहीत. निम्म्याहून जास्त घटकांत येणारेही वगळा, कारण ते सगळ्यांना सगळ्यांशी जोडतात. ४०० घटकांच्या लायब्ररीत यानंतर सहसा काही शे ते दीड हजार शब्द उरतात. नावातल्या आणि एका ओळीच्या उद्देशातल्या शब्दांना तिप्पट वजन द्या. लेखकाने सर्वांत विचार करून लिहिलेले शब्द तेच असतात.

शेवटी प्रत्येक वेक्टरची लांबी, म्हणजे आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, १ करा. ही पायरी अनेकदा राहून जाते. सॉम साध्या अंतरावर चालतो. लांबी समान केली नाही तर लांबलचक वर्णनाचे घटक एका कोपऱ्यात आणि त्रोटक वर्णनाचे दुसऱ्या कोपऱ्यात जमतात, म्हणजे नकाशा विषयाचा न होता शब्दसंख्येचा होतो.

दुसरा रस्ता तयार भाषा-मॉडेलचा. वाक्याचा अर्थ आकड्यांत देणारी मॉडेल्स 'डुप्लिकेट काढणे' आणि 'युनिक' यांना आपोआप जवळ आणतात. लहान आणि लोकप्रिय मिनी-एलएम मॉडेल ३८४ आकड्यांचा वेक्टर देतं. कोडवर शिकवलेलं, २०२० साली आलेलं कोडबर्ट ७६८ आकड्यांचा देतं, पण ते नुसतं उचलून साम्य मोजायला घेतलं तर बरेचदा निराशा होते, कारण साम्य मोजणं हे काम त्याला वेगळं शिकवावं लागतं. मर्यादाही पाहा. सर्वाधिक वापरलं जाणारं मिनी-एलएम २५६ टोकनांपुढचा (टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा) मजकूर काही न सांगता कापतं. म्हणून वर्णनपत्रात उद्देश सगळ्यांत वर हवा. लांब वर्णनांचे तुकडे करून त्यांच्या वेक्टरची सरासरी घ्या आणि लांबी पुन्हा १ करा.

कोणता निवडावा? एकाच टीमने एकाच शैलीत लिहिलेली लायब्ररी असेल तर टीएफ-आयडीएफ पुरतो, आणि कोणते दोन घटक का शेजारी आले हे शब्द दाखवून सांगता येतं. वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवलेला कोड असेल तर भाषा-मॉडेल घ्या. तरीही टीएफ-आयडीएफ काढून ठेवाच, कारण वस्त्यांना नावं देताना तोच लागतो. ३८४ निनावी आकड्यांवरून पाटी लिहिता येत नाही.

नकाशाचा आकार

नोड म्हणजे नकाशावरचं एक घर. नोडची संख्या घटकसंख्येच्या वर्गमुळाच्या पाचपट, हा नेहमीचा आडाखा. ४०० चं वर्गमूळ २०, म्हणून सुमारे १०० नोड. १० बाय १० ऐवजी १२ बाय ८, म्हणजे ९६ नोड घ्या. माहिती एका दिशेला जास्त पसरलेली असते, आणि चौरस नकाशाला लांब बाजू नसल्याने तो शिकताना कुठे वळावं हे ठरवत नाही. जाळी षटकोनी ठेवली तर प्रत्येक नोडला सारख्या अंतरावर सहा शेजारी मिळतात. चौकोनी जाळीत तिरकस शेजाऱ्याचा घोळ कायम राहतो.

९६ नोडवर ४०० घटक म्हणजे सरासरी चार. एका नोडवरची यादी एका नजरेत वाचता यावी, हाच हेतू. नोड फार कमी ठेवले तर साधी गटवारी होते, फार जास्त ठेवले तर प्रत्येक घटक एकटा राहतो आणि नकाशा ओसाड दिसतो.

शिकवणं

प्रत्येक नोडकडे घटकाच्या वेक्टरइतकेच आकडे असलेला वजनांचा वेक्टर असतो. एक घटक दाखवायचा, त्याच्या सर्वांत जवळचा नोड शोधायचा, आणि तो नोड व त्याचे शेजारी घटकाच्या दिशेने थोडे सरकवायचे. समजा एका शब्दासाठी घटकाचा आकडा ०.८ आहे, जिंकलेल्या नोडचा ०.२ आणि शिकण्याचा दर ०.५. फरक ०.६, त्याचा अर्धा ०.३, म्हणून नोड ०.५ वर येतो. शेजाऱ्याचा आकडाही ०.२ असेल आणि त्याचा शेजारगुणक, म्हणजे त्याने किती पट हलायचं तो आकडा, ०.६ असेल तर तो ०.३८ वर येतो. इतकंच गणित, पण ते हजारो वेळा.

शेजारगुणक त्रिज्येवर ठरतो, आणि त्रिज्या ही या सगळ्यातली सर्वांत नाजूक किल्ली आहे. गॉसियन शेजार (अंतराबरोबर घंटेच्या आकारात उतरणारा) घेतला आणि त्रिज्या ६ असली तर सहा घरं दूरचा नोडही ०.६१ पट हलतो, म्हणजे जवळजवळ सगळा नकाशा एकदम वळतो. त्रिज्या १ असताना शेजारचा नोड ०.६१, दोन घरांवरचा ०.१४ आणि तीन घरांवरचा ०.०१ पट हलतो. म्हणून काम दोन फेऱ्यांत करा.

सुरुवातीची वजनं यादृच्छिक न ठेवता माहितीच्या दोन मुख्य दिशांवरून, म्हणजे पीसीएने ठरवा. पहिल्या फेरीत त्रिज्या ६ वरून २ वर आणि दर ०.५ वरून ०.०५ वर उतरवा. यात प्रदेश ठरतात. दुसऱ्या फेरीत त्रिज्या २ वरून १ वर आणि दर ०.०५ वरून ०.०१ वर. यात गल्ल्या ठरतात. एकूण पावलं नोडसंख्येच्या ५०० पट, म्हणजे ४८,०००. त्यातली सुमारे १०,००० पहिल्या फेरीला आणि बाकीची दुसरीला. साध्या संगणकावर हे फार तर काही मिनिटांचं काम आहे. घटक दाखवण्याचा क्रम यादृच्छिक ठेवा आणि सीड, म्हणजे तो यादृच्छिक क्रम ठरवणारा सुरुवातीचा आकडा, नोंदवून ठेवा.

पायथनमधली मिनिसॉम लायब्ररी यासाठी पुरेशी आहे. तिच्या नेहमीच्या उतरणीत त्रिज्या शेवटी मूळच्या एक-तृतीयांशावर थांबते. ६ पासून सुरू केलं तर २ वर. एकाच फेरीत काम उरकलं तर नकाशा धूसर राहतो तो यामुळे, आणि दुसरी फेरी ऐच्छिक नाही तीही यामुळेच.

पाट्या आणि सीमा

शिकलेल्या नकाशात प्रत्येक नोडचं शेजाऱ्यांपासूनचं सरासरी अंतर काढून रंग भरा. याला यू-मॅट्रिक्स म्हणतात. गडद रेषा म्हणजे डोंगर, दोन वस्त्यांमधली सीमा. फिकट भाग म्हणजे सपाट मैदान, जिथले घटक खरोखर सारखे आहेत. नकाशावर दोन नोड शेजारी असले तरी मध्ये डोंगर असेल तर ते शेजारी नाहीत, आणि हा रंग न दाखवता नकाशा लोकांना दिला तर ते फसतात.

पाटीसाठी प्रत्येक वस्तीत टीएफ-आयडीएफची सरासरी जास्त आणि बाहेर कमी असलेले तीन ते पाच शब्द निवडा. फक्त आतली सरासरी पाहिली तर 'फाइल' हा शब्द दहा वस्त्यांच्या पाटीवर येतो. शब्द यंत्राने निवडावेत, पण अंतिम नाव माणसाने लिहावं: 'मजकुराची काटछाट', 'तारखा आणि कालक्षेत्रं', 'फाइल दाबणे-उघडणे'. पंधरा-वीस वस्त्यांना नावं द्यायला एक तास लागतो आणि वापरणाऱ्यासाठी तो सर्वांत मोलाचा तास असतो.

नकाशा बरोबर आहे का

क्वांटायझेशन एरर म्हणजे घटक आणि त्याचा नोड यांतलं सरासरी अंतर. तो फक्त त्याच माहितीवरच्या दोन नकाशांची तुलना करायला वापरा, एकट्या आकड्याला अर्थ नाही. टोपोग्राफिक एरर म्हणजे ज्या घटकांचे सर्वांत जवळचे दोन नोड जाळीवर शेजारी नाहीत त्यांचं प्रमाण. ते ०.१ च्या वर गेलं तर नकाशा दुमडला आहे असं समजा. त्रिज्या जास्त ठेवून पहिली फेरी पुन्हा चालवा.

पण या आकड्यांवर थांबू नका. लायब्ररी जाणणाऱ्या दोन-तीन जणांकडून तीस जोड्या लिहून घ्या: एकाऐवजी दुसरा वापरता येईल अशा. किती जोड्या एकाच नोडवर किंवा लगतच्या नोडवर आल्या ते मोजा. निम्म्याच आल्या असतील तर नेटवर्कच्या किल्ल्या फिरवत बसण्यापेक्षा न जमलेल्या जोड्यांची वर्णनपत्रं उघडून वाचा. कारण बहुधा तिथेच दिसतं: न उलगडलेला संक्षेप, राहिलेला परवाना, नाहीतर दोनच ओळींचं वर्णन. जोड्या नकाशा बनवण्यापूर्वी लिहून घ्याव्यात. नकाशा पाहून लिहिलेल्या जोड्या नकाशालाच दुजोरा देतात.

मग तीन वेगळ्या सीडने नकाशा करा. जागा बदलतील, नकाशा उलटासुलटाही होईल, पण कोण कोणाच्या शेजारी हे बहुतांशी तसंच राहायला हवं. प्रत्येक वेळी वेगळ्याच शेजाऱ्यांत जाणारे घटक वर्णनात कच्चे असतात.

हमखास दिसणारे दोष काही आहेत. एकाच नोडवर साठ-सत्तर घटक जमले तर एखादा सर्वव्यापी शब्द गाळायचा राहिला आहे. दुरून आलेल्या दोन टीमचा कोड दोन खंडांसारखा वेगळा पडला तर नकाशाने काम न पाहता लेखनशैली पाहिली आहे. अशा वेळी भाषा-मॉडेल घ्या, किंवा दोन्हीकडच्या एका ओळीचे उद्देश एकाच साच्यात पुन्हा लिहा. नोड रिकामे राहणं मात्र दोष नाही. वस्त्यांच्या सीमेवर ते असतातच.

एक गोष्ट दोष वाटते पण नसते. विरुद्ध कामं करणारे घटक, जसं दाबणे आणि उघडणे, एन्कोड आणि डिकोड, एकाच नोडवर येतात. त्यांचे शब्द सारखेच असतात, आणि एक शोधणाऱ्याला दुसरा बहुधा लागतोच. त्यांना वेगळं करण्यासाठी झटू नका. यादीत नावाशेजारी उद्देशाची ओळ दाखवली की पुरे.

लायब्ररी वाढली की

दोन हजारांच्या आसपास घटक झाले की एकच सपाट नकाशा वाचता येत नाही. तेव्हा थर करा. वर ४ बाय ३ चा लहान नकाशा, आणि त्याच्या प्रत्येक नोडमधल्या घटकांसाठी खाली स्वतंत्र नकाशा. खालच्या नकाशासाठी टीएफ-आयडीएफ फक्त त्या नोडमधल्या घटकांवरून नव्याने मोजा. वरच्या पातळीवर 'फाइल' हा शब्द वस्ती ओळखू देतो, पण फाइलच्याच वस्तीत तो काही सांगत नाही आणि आपोआप गळायला हवा. खोली आणि आकार स्वतः ठरवणारी वाढती श्रेणीबद्ध पद्धत, जीएचसॉम, राउबर, मर्कल आणि डिटेनबाख यांनी विकसित केली आहे. तिच्यात दोनच उंबरठे द्यावे लागतात, एक रुंदीचा आणि एक खोलीचा.

नवा घटक आला की पुन्हा शिकवायची गरज नाही. त्याचा वेक्टर काढा, सर्वांत जवळचा नोड शोधा, तिथे ठेवा. आयडीएफचे, म्हणजे शब्द किती दुर्मिळ आहे ते सांगणारे, आकडे जुनेच वापरायचे, नव्याने मोजायचे नाहीत, नाहीतर मोजपट्टीच बदलते. नोडपासूनचं त्याचं अंतर पाहा. जुन्या घटकांपैकी ९५ टक्क्यांचं अंतर ज्याच्या आत आहे, त्यापेक्षा जास्त भरलं तर घटक 'अजून जागा नाही' या वेगळ्या यादीत जातो. ही यादी एकूण घटकांच्या दहा टक्क्यांवर गेली की नकाशा पुन्हा शिकवा. शब्दसूची न बदलता जुन्या वजनांपासून सुरुवात करून फक्त दुसरी फेरी चालवली, तर लोकांच्या ओळखीच्या वस्त्या साधारण जागेवर राहतात. वीस टक्क्यांहून जास्त नवा कोड आला असेल तर शब्दसूचीपासून सगळं नव्याने करावं लागतं, आणि मग जागा बदलणारच. म्हणून दस्तावेजांत 'स्तंभ ७, ओळ ३' असा पत्ता कधीही देऊ नका. वस्तीचं नाव द्या.

नकाशा तयार झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एक काम उरकून घ्या. एकाच नोडवरच्या घटकांच्या जोड्या अंतरानुसार लावा आणि सर्वांत जवळच्या पन्नास जोड्या हाताने तपासा. पॅरामीटर जुळतात का, रिकाम्या इनपुटवर दोघं सारखं वागतात का, चूक फेकतात की रिकामं मूल्य परत देतात? शेवटच्या प्रश्नावर फरक निघाला तर ते एकच काम करतात असं वाटूनही एकमेकांच्या जागी बसत नाहीत, आणि तसं दोन्हींच्या वर्णनात स्पष्ट लिहा. खरोखर एकच निघालेल्या जोडीतला चाचण्या असलेला घटक ठेवा. दुसऱ्याचा कोड लगेच पुसू नका. पुढच्या आवृत्तीत त्याला आतून पहिलाच घटक बोलवायला लावा, बाद होणार असल्याची सूचना जोडा, आणि त्याचे वापर शून्यावर आल्यावरच काढा.